अध्याहृत कर्ता

त्या वर्षी आम्ही सगळे शिक्षक एकाच वाक्याने तास सुरू करायचो. विषय भौतिकशास्त्र असो नाहीतर इतिहास, शिकवणारा कालपरवा लागलेला असो नाहीतर निवृत्तीला टेकलेला, पडद्यावरचे काळे चौकोन एकेक करून उमटले की तो घसा खाकरून आधी विचारायचा, "आवाज येतोय का?" विद्यापीठाच्या आवारातल्या आमच्या निवासी इमारतीत सकाळी कचरा टाकायला जिना उतरलं, की प्रत्येक मजल्यावरच्या बंद दारामागून हाच प्रश्न कानावर पडे. एरवी ज्या विभागांचं खुर्च्यांच्या रंगावरूनही कधी जमलं नाही, त्यांचं निदान एका वाक्यावर एकमत झालं, असं मी आमच्या विभागप्रमुखांना एका बैठकीत म्हटलं होतं. ते हसले की नाही कोण जाणे. त्यांचा माइक बंद होता.

मी व्याकरण शिकवते. मुलं माझ्यामागे मला 'काना-मात्रा' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि त्यात खोटं काही नाही. समोरच्याच्या गाऱ्हाण्याआधी त्याचं चुकलेलं क्रियापद माझ्या कानाला टोचतं, आणि आता पन्नाशीनंतर ही खोड जाईल असं वाटत नाही. वर्गात कुणाच्या कपाळावर आठी दिसली की उदाहरण बदलायचं, ही माझी शिकवण्याची पद्धत. काळ्या चौकोनाला कपाळ नसतं. त्यामुळे साथ सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मी अक्षरशः भिंतीशी बोलत असल्यासारखी शिकवत होते आणि तास संपला की विनाकारण चिडलेली असायचे.

मग हळूहळू मुलांची सवय झाली, म्हणजे त्यांच्या आवाजांची. एक मुलगी गच्चीत छत्री उघडून बसायची, कारण तिच्या घरी रेंज फक्त पाण्याच्या टाकीशेजारी मिळे. तिला मी मनातल्या मनात गच्चीवाली म्हणायला लागले. एक मुलगा दाराशी उभ्या असलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून तास करी, कारण भरल्या घरात तेवढीच एक खोली रिकामी आहे, असं तो स्वतःच सांगायचा. आणखी एकाला तासाच्या वेळेलाच भांडी घासायची पाळी यायची आणि माइक बंद करायचं कधीच लक्षात राहायचं नाही. "विशेषण घासून झालं असेल तर क्रियाविशेषणाकडे वळू या," असं मी म्हटलं की तिकडचा नळ बंद व्हायचा. सगळे आपापल्या परीने निभावत होते. समोरच्या घरातले रसायनवाले सर स्वयंपाकघरातले चमचे आणि लिंबं घेऊन प्रयोग दाखवायचे, आणि त्यांच्या बायकोने लिंबं मोजायला सुरुवात केली आहे, अशी बातमी जिन्यात फिरत होती.

माझ्या घरात मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. नाना शाळेत कवायतीचे मास्तर होते. अख्खं मैदान हलवणारा आवाज त्यांचा, पण आयुष्यभर शिट्टी फुंकून म्हणा किंवा वयाने म्हणा, कान पार गेलेले. साथीच्या आदल्याच वर्षी त्यांना न्यूमोनिया होऊन गेला होता आणि एका फुप्फुसाचा खालचा भाग कामातून गेला होता. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "यांना हा आजार झाला, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. त्यामुळे त्या वर्षी माझी महत्त्वाकांक्षा एकच होती, की नानांना काही होऊ द्यायचं नाही. दाराला आतून साखळी. कुणी आत यायचं नाही, नानांनी बाहेर जायचं नाही. भाजी, दूध, औषधं पायरीवर ठेवून घ्यायची, धुवायची, मग आत. दूरदेशी असलेला धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मला झोप लागते." मला लागत नव्हती, पण ते त्याला सांगून काय उपयोग होता.

नानांना घरात कोंडून ठेवणं म्हणजे वाऱ्याला डब्यात भरणं होतं. ते दिवसभर बाहेरच्या खोलीत, दारालगतच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसायचे. तिथून व्याख्यानांच्या इमारतीकडून येणारा रस्ता दिसायचा, आणि त्यावर आता फाटकावरचा रखवालदार आणि एक लंगडं कुत्रं सोडून कुणी दिसत नसे. "एवढं मोठं विद्यापीठ आणि एक माणूस नाही," नाना म्हणायचे. "परीक्षेला सगळे नापास झाले की काय?" मी आतल्या खोलीत दार लावून, कानांवर मोठे हेडफोन चढवून तास घ्यायचे. कधीतरी नाना चष्मा शोधत आत यायचे आणि कॅमेऱ्यासमोरून जायचे, तेव्हा मुलं लिहायची, 'आजोबा, नमस्कार.' नाना पडद्याकडे बघून सलाम ठोकायचे. तेवढाच त्यांचा लोकांशी संबंध उरला होता.

पहिल्यांदा त्या आवाजाकडे माझं लक्ष गेलं ते त्याच्या तत्परतेमुळे. "आवाज येतोय का?" असं विचारल्यावर मुलं नेहमी वेळ घ्यायची. कुणी लिहायचं, कुणी अंगठा दाखवायचं, कुणी उगीच खोकायचं. पण काही दिवसांपासून माझा प्रश्न पुरता संपतो न संपतो तोच एका पुरुषी आवाजात उत्तर यायचं, "येतोय." तरुण म्हणावा तर नाही, म्हातारा म्हणावा तर तोही नाही. शांत, स्वच्छ, आणि थोडासा घुमणारा. मला बरं वाटायचं. चला, एकजण तरी जागा आहे, असं मनात यायचं. मी म्हणायचे, "छान, येतोय ना? मग सुरू करू या."

त्या घुमण्याची मला ओळख वाटत होती, पण कुठली ते सुचत नव्हतं. मग एकदा जुनी उत्तरपत्रिका शोधताना सुचलं. आमच्या मोठ्या व्याख्यानगृहात शेवटच्या बाकावरून कुणी बोललं, तर छताला आपटून त्याचा आवाज अस्साच यायचा, शब्दाला मागून बारीकशी शेपटी असल्यासारखा. व्याख्यानगृहाला तर कुलूप होतं. एखाद्याच्या घरातला हॉल रिकामा असेल, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

तासाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. जो बोलतो त्याच्या चौकोनाभोवती हिरवी कड उमटते. एका सकाळी मी प्रश्न विचारला, "येतोय" ऐकलं, आणि सहज बघितलं तर एकाही चौकोनाला कड नव्हती. नेटवर्कचं काही सांगता येत नाही, पण मी विचारलं, "आत्ता सगळ्यांत आधी कोण बोललं?"

मग गच्चीवालीचा आवाज आला, मागे वारा भरारत होता. "कोणीच नाही मॅडम. आम्ही लिहीतच होतो."

संगणक कक्षातल्या तंत्रज्ञाला मी फोन केला. साथीच्या काळात त्या बिचाऱ्याला अख्ख्या विद्यापीठाने वेठीला धरलं होतं, तरी त्याने माझ्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून कळवलं. "मॅडम, तुम्ही विचारता. मग जरा थांबता. मग म्हणता, छान, येतोय ना. मध्ये काही नाहीये."

"काहीच नाही?"

"शांतताच आहे." मग मला वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, "मनावर घेऊ नका. सगळ्यांचं तेच चाललंय. इतिहासवाले सर तर स्वतःच विचारतात आणि स्वतःच हो म्हणतात."

मी मनावर घेतलं नाही. घरात बसून माणसाला भास होतात, हे रोज वर्तमानपत्रात येत होतं, आणि मी काही त्याला अपवाद नव्हते. भास असेल तर असू दे, निदान सभ्य आहे, असं मी स्वतःशी म्हटलं. पुढे काही दिवस मी प्रश्न विचारायचे, तो उत्तर द्यायचा, मी तास घ्यायचे. सवयीने माणूस कशाशीही जुळवून घेतं.

मग एके दिवशी निव्वळ कंटाळा आला म्हणून मी वाक्य बदललं. "ऐकू येतंय का?" असं विचारलं. मुलांनी लिहिलं, 'येतंय मॅडम', 'हो, येतंय.' आणि हेडफोनमध्ये नेहमीच्या तत्परतेने उत्तर आलं, "येतोय."

ही चूक माझ्या कानांना सहन होण्यासारखी नव्हती. भास असला म्हणून काय झालं, मला होणारा भास तरी शुद्ध बोलायला नको? मी भरवर्गात म्हणाले, "येतंय म्हणायचं. प्रश्न बदलला की उत्तराचं क्रियापद बदलतं." मुलांनी तर बरोबरच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "स्लाइड दिसतेय का?" मुलांनी लिहिलं, 'दिसतेय.' त्याने म्हटलं, "येतोय."

त्या दिवशी तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही. ज्या वाक्यात कर्ता बोलून दाखवलेला नसतो, पण तो कोण हे ऐकणाऱ्याने मनात धरलेलं असतं, त्यातल्या कर्त्याला अध्याहृत कर्ता म्हणतात, हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवते. विद्यार्थ्याने विचारायचं असतं, येतोय, कोण येतोय? मी इतके दिवस 'आवाज' असं धरून चालले होते, कारण मी आवाजाबद्दल विचारत होते. तसं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. क्रियापद पुल्लिंगी आहे, एकवचनी आहे. 'आवाज येतोय' हे जितकं बरोबर, तितकंच 'मी येतोय' हेही बरोबर. तो चुकत नव्हता. मी विचारत होते एक आणि तो सांगत होता दुसरंच, अगदी पहिल्या दिवसापासून.

मला भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. बाहेरच्या खोलीत नाना खुर्चीत बसून पेंगत होते, दीड फुप्फुसावर श्वास घेत होते. मी उठून दाराची साखळी बघितली. ती लावलेली होती.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. घुमणं गेलं होतं. आता त्याच्या आवाजाभोवती मोकळं होतं, उघड्यावर असतं तसं. एका सकाळी त्याच्या "येतोय"च्या मागे कुत्रं भुंकलं, आणि त्याच क्षणी तेच भुंकणं हेडफोनच्या बाहेरून, खिडकीतूनही आलं. लंगड्या कुत्र्याचं भुंकणं आम्हाला पाठ होतं. मध्येच त्याचा आवाज फाटतो. मी धावत बाहेर जाऊन खिडकीतून बघितलं. रस्ता रिकामा होता. कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं होतं आणि आमच्या इमारतीच्या बाजूला तोंड करून शेपूट हलवत होतं.

वसतिगृहात घरी न जाऊ शकलेली काही मुलं अजून होती. त्यांतलाच कुणी असेल, थट्टा करत असेल, अशी मी माझी समजूत घातली आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, माझी मुलं खोलीतून जेवायला बाहेर पडत नाहीत, थट्टा कसली करतात. आणि तुमच्या वर्गातलं इथे कुणीच नाही." मग ते बराच वेळ बोलत राहिले. त्यांनाही बोलायला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात दुपारी चहा घेताना नाना म्हणाले, "तुझा तो विद्यार्थी गुणी आहे हं."

"कुठला?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"तोच. रोज सकाळी लगेच ओ देतो तो. आमच्या वेळी हजेरीला एवढ्या पटकन कुणी ओ द्यायचं नाही."

मी कप खाली ठेवला. तास घेताना माझ्या कानांवर हेडफोन असत. मुलांचं बोलणं माझ्याशिवाय घरात कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. "नाना, मी आत काय बोलते ते तुम्हाला इथे ऐकू येतं?"

"तुझं कुठलं ऐकू येतंय, दार लावून बसतेस. त्याचं येतं." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि खिडकीबाहेर, खाली जिन्याच्या तोंडाकडे मान हलवली. "चांगला खणखणीत आवाज आहे."

"मग मी विचारते हे तुम्हाला कसं कळलं?"

"विचारल्याशिवाय कोण ओ देतं?" नाना म्हणाले आणि विरघळलेलं बिस्कीट चमच्याने काढण्यात गुंतले.

त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. तास 'नमस्कार' म्हणून सुरू करायचा, ज्याला अडचण असेल त्याने लिहावं. मुलं गोंधळली, गाडीवाला मुलगा पहिल्या दिवशी अर्धा तास माझा नुसता हलणारा चेहरा बघत बसला आणि मग बिचकत त्याने लिहिलं, 'मॅडम, मला ऐकू येत नाहीये, पण तुम्ही छान शिकवताय.' मी हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. आवाज थांबला होता. हेडफोनमध्ये फक्त मुलं होती, वारा होता, नळ होता. मी रोज उठल्याबरोबर आधी साखळी बघायचे आणि मग नानांच्या छातीकडे, ती वर-खाली होतेय ना ते.

नाना मात्र उतरत चालले. आजार असा काही नव्हता. ताप नाही, खोकला नाही. पण जेवण निम्म्यावर आलं, दाढी करणं सोडलं, आणि खिडकीतून रस्त्याकडे बघणंही कमी झालं. "हल्ली तो येत नाही का तासाला?" एकदा त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "शाळा सोडली असेल," ते म्हणाले. "चांगला होता. जिन्यात पहिल्या वळणापर्यंत आला होता, मग आलाच नाही." मी त्यांना काही विचारलं नाही. विचारण्याची मला हिंमत झाली नाही.

एका संध्याकाळी मी त्यांना भरवायला गेले तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "तू मला मरू देत नाहीयेस हे कळतंय मला," ते म्हणाले. कान गेलेला माणूस मोठ्याने बोलतो, पण हे ते हळू बोलले. "पण बाई, हे जगणं म्हणजे रोज सावधान उभं राहणं झालंय. विश्राम म्हणणारं कुणी नको का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांचं चुकत नव्हतं आणि माझंही चुकत नव्हतं. भावाला फोन करावासा वाटला, पण त्याच्याकडे तेव्हा पहाट असणार, आणि त्याला झोप लागते म्हणून तर तो इतका निर्धास्त होता. साखळी मी काढली नाही. लस येईपर्यंत थोडे महिने, एवढंच, असं मी नानांना दुसऱ्या दिवशी मोठ्याने ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. लहान मुलाची समजूत काढल्यावर ते डोलावतं तशी.

सत्र संपत आलं. शेवटच्या आठवड्यात मुलांनी एकेक विषय मांडायचा आणि मी गुण द्यायचे, असं ठरलेलं होतं. आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावून सांगितलं की आवाजाचं विचारत बसू नका, सरळ सुरुवात करा, वेळ वाचेल. सकाळपासून मुलांनी ते पाळलं. गाडीवाल्याने समासावर बऱ्यापैकी मांडणी केली. भांडीवाल्याने पहिल्यांदाच कॅमेरा सुरू केला, आणि तो एवढा उंच आणि देखणा मुलगा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग गच्चीवालीची पाळी आली. ती माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी होती. तिच्या मागे निळं आकाश होतं, छत्रीची कड दिसत होती, आणि ती घाबरलेली होती. घाबरलं की माणूस सवयीवर जातं.

"मॅडम," ती म्हणाली, "आवाज येतोय का?"

मी थांबले. हेडफोनमध्ये वाऱ्याशिवाय काही नव्हतं. कुणीही उत्तर दिलं नाही. मी आणखी थोडं थांबले, आणि मग माझ्या अंगातून एकदम सैल, हलकं असं काहीतरी उतरलं. संपलं होतं सगळं. भासच होता तो, साथीतला भास, आणि साथीसारखाच ओसरला होता.

"मॅडम, येतोय का?"

"येतोय, येतोय. बोल तू," मी म्हणाले.

ती बोलायला लागली आणि काय सुंदर बोलत होती. मी पेन्सिल हातात घेऊन ऐकत होते. उजव्या कानावरचा हेडफोन थोडा मागे सरकवला होता, कारण त्या उकाड्यात कान भाजायचे. तेवढ्यात मागून, बाहेरच्या खोलीतून, नानांची हाक आली. माझ्या लहानपणी सकाळी शाळेला निघताना दारातून द्यायचे, तशीच मोकळी, ताजी.

"येतो गं."

"बरं, या," मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

गच्चीवाली पुढे दोन-चार वाक्यं बोलली असेल, आणि माझी पेन्सिल थांबली. आपल्या बोलण्यात जाणारा 'येतो' म्हणतो आणि त्याला निरोप देणारा 'या' म्हणतो. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याला आत घ्यायचं असलं तरी शब्द तोच. मी 'या' म्हणाले होते, आणि ते कुणाला, हे त्या वाक्यात नव्हतं.

मी इतक्या घाईने उठले की हेडफोनची वायर ओढली जाऊन पिन निसटली, आणि गच्चीवालीचा आवाज खोलीभर झाला. बाहेरच्या खोलीत ऊन पडलं होतं. खुर्ची रिकामी होती. दार सताड उघडं होतं आणि काढलेली साखळी अजून हलत होती. नानांच्या चपला जागेवर नव्हत्या. काठी मात्र खुर्चीला टेकलेली होती. काठीशिवाय ते न्हाणीघरापर्यंतही जाऊ शकत नसत, हात धरायला कुणीतरी लागायचं.

मी जिन्याच्या कठड्याशी गेले आणि खाली वाकून बघितलं. कुणी दिसलं नाही. खालच्या मजल्यांवर तास चालू होते. बंद दारांमागून कोण-कोण शिकवत होतं. नानांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही मी जीव एकवटून हाक मारली.

"नाना!"

"आलो," असं त्याच शांत, स्वच्छ आवाजात उत्तर आलं. ते खालून आलं नव्हतं. माझ्या पाठीमागून, घरातून, मी आत्ता उठून आले त्या आतल्या खोलीतून आलं होतं.

माझ्या खुर्चीचा करकर असा आवाज झाला. खोलीभर ऐकू येणारं गच्चीवालीचं बोलणं वाक्याच्या मध्येच तुटलं. क्षणभर नुसता वारा वाजला, आणि मग वर्गात एखादं मोठं माणूस शिरल्यावर मुलं म्हणतात तसं ती अदबीने म्हणाली, "नमस्कार सर."